रिकामी जागा आणि शून्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जळगाव येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी या मेळाव्यात दोन शब्द बोलण्याविषयी मला गळ घातली, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, हा जुना मास्तर शिक्षणाच्या महत्त्वावर अर्धा तास बोलेल आणि खाली बसेल. त्या विषयावर या व्यासपीठावरून थोरामोठ्यांनी इतके सांगून ठेवले आहे की, माझ्याने त्यात भर पडण्याजोगी नाही. म्हणून मी निराळाच विषय घेतला आहे, आणि तो संगणकाचा आहे. मी मॅट्रिक झालेला मनुष्य. पुढे मास्तरकीचे शिक्षण घेऊन धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत ३७ वर्षे पाढे आणि शुद्धलेखन शिकवले. संगणकावर बोलण्याचा याचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. जे मला दोन संध्याकाळी समजावून सांगण्यात आले आणि त्यातले जे मला समजले तेवढेच मी सांगणार आहे.

गेल्या दिवाळीत माझी पुतणी पुण्याहून घरी आली होती. ती इकडच्याच महाविद्यालयात शिकून इंजिनीअर झाली आणि आता पुण्यास नोकरीला आहे. फराळाला बसलो असता आमच्यातील एका वडीलधाऱ्यांनी तिला विचारले, "काय गं, तू तिकडे नेमके काम तरी काय करतेस?" ती म्हणाली, "आजोबा, संगणकाच्या आत ज्या जागा भरायचे कोणी विसरून गेले आहे, त्या मी शोधते." सारे हसले. "एवढ्यासाठी चार वर्षे फी भरली होय!" असेही कोणी म्हणाले, आणि खरे सांगावयाचे तर मीसुद्धा हसलो. पोरीचे तोंड उतरले. रात्री मला त्याचे वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी तिला माडीवर बोलावून मी म्हटले, "आता मला विद्यार्थी समज आणि पहिल्या धड्यापासून सांग." आमचे ते बोलणे अहिराणीत झाले. येथे ते ग्रंथभाषेत मांडीत आहे. त्यात गोडी कमी झाली असेल तर दोष माझा.

संगणकाच्या आत एक कारभारी असतो. कोणत्या कामाला किती वेळ द्यावा, कोणास किती जागा द्यावी, तबकडीवर कोणी काय लिहावे, हे सारे तो ठरवतो. त्याला कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे बदामाच्या कवचातला गर. तसा हा आतला गाभा. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे त्यांच्या फोनमध्ये लिनक्स नावाचा कर्नेल चालतो. फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहावयास घेतला. (त्याच वर्षी पुण्यास सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, हे आपण अभिमानाने सांगतो.) लिनक्सच्या आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. तो सर्वांना वाचावयास खुला असून जगभरची माणसे त्यात दुरुस्त्या सुचवतात.

त्यातला बहुतेक मजकूर सी या भाषेत आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही भाषा घडवली. तिचा स्वभाव अत्यंत काटकसरी. 'एका संख्येपुरती जागा दे' असे तिला सांगितले की ती जागा दाखवते आणि बाजूला होते. ती जागा झाडून-पुसून देणे हे आपले काम आहे असे ती मानीत नाही. आरंभापासून अखेरपर्यंत टिकणाऱ्या जागांत ती शून्य घालून ठेवते, हे खरे. परंतु तात्पुरत्या कामासाठी घेतलेल्या जागेत आधीच्या कामाचे जे काही उरले असेल तेच राहते. संगणकाच्या स्मरणात रिकामी जागा अशी नसतेच. प्रत्येक घरात एक किंवा शून्य काहीतरी असतेच असते. लिहिणारा ती जागा रिकामी समजतो, तेथे कोणाचे तरी जुने लिखाण पडलेले असते, आणि कर्नेल ते नवे समजून वाचतो. माझी पुतणी म्हणते ते दोष ते हेच.

हे ऐकताच मला आपल्या घरच्या धंद्याची आठवण झाली. आपल्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय सोनारकीचा. आमचे वडील मुशीत सोने आटवण्यापूर्वी ती मूस उजेडात धरून आत न्याहाळीत. मागच्या गिऱ्हाइकाच्या सोन्याचा रवा टाकणखारात अडकून मुशीच्या तळाला राहिला असेल तर दोन अनर्थ होतात. एक, नव्या सोन्याचा कस बिघडतो आणि हिशेब चुकतो. दुसरा, एका घरचे सोने दुसऱ्याच्या घरी जाते. काट्याचेही तसेच. पारडी रिकामी असताना पासंग आहे की नाही हे पाहिल्यावाचून ते गुंजभर वजनही करीत नसत. मूस न पाहता सोने घालणे म्हणजे काय हे आपल्यातील कोणासही सांगावे लागणार नाही. कर्नेलातही अनर्थ हे दोनच.

पहिला अनर्थ चुकीच्या निर्णयाचा. 'हे काम झाले की नाही' हे नोंदवण्याचे घर भरावयाचे राहिले, आणि जुन्या कचऱ्यालाच उत्तर समजून कर्नेल पुढे गेला, की यंत्र बंद पडते, किंवा बंद न पडता चुकीचे काम करते. यातली दुष्टता अशी की, तो कचरा दरवेळी सारखा नसतो. नव्याण्णव वेळा तेथे योगायोगाने योग्य अंक पडलेला असतो आणि शंभराव्या वेळी नसतो. वर्गात रोज पाठ म्हणणारा मुलगा साहेबांपुढे अडखळावा तसे हे. घरी करून पाहावे तर दोष सापडत नाही.

दुसरा अनर्थ गुपित फुटण्याचा आहे, आणि तो मला अधिक भयंकर वाटला. बाहेरच्या प्रोग्रॅमला स्मरणाचे नवे पान देताना कर्नेल ते पुसून देतो, हे त्याचे शहाणपण. पण स्वतःच्या कामासाठी आत घेतलेली जागा तो वेळ वाचवण्यासाठी पुसत नसे. आता असे समजा की, कर्नेलाने एका नोंदीत दोन रकाने केले. पहिला एका बाइटचा, दुसरा चार बाइटांचा. यंत्राच्या सोयीसाठी चार बाइटांचा अंक चाराने भाग जाणाऱ्या ठिकाणीच ठेवावा लागतो. म्हणून पहिल्या रकान्यापुढे तीन बाइटांची फट सुटते. लिहिणाऱ्याने दोन्ही रकाने मन लावून भरले. त्याच्या कामात खोट काढावयास जागा नाही. पण नोंद बाहेर देताना कर्नेल आठही बाइट उचलून देतो, आणि फटीतले तीन बाइट जुने. त्यात कोणाच्या परवलीच्या शब्दाचा तुकडा असू शकेल, किंवा कर्नेलाचे स्वतःचे सामान कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता असू शकेल. चोराच्या भीतीने कर्नेल आपल्या सामानाची जागा दर वेळी बदलत असतो. तो पत्ता फुटला की ती सारी दक्षता व्यर्थ.

आपल्या लहानपणी झारेकरी दारावर येत. दुकानातला केर आणि शेगडीतली राख ते विकत घेत, ती धूत बसत, आणि त्यातून सोन्याचे कण काढीत. आपल्याला जी धूळ ती त्यांची रोजी. कर्नेलाच्या फटीतून पडणारी धूळ विणणारेही झारेकरी जगात आहेत. फरक एवढाच की आपले झारेकरी पैसे मोजून केर नेत.

मी पुतणीस विचारले, "तीन कोटी ओळींत विसरलेले घर तू शोधतेस कसे?" तिने जी युक्ती सांगितली ती ऐकून मास्तर म्हणून मला धन्यता वाटली. गूगल कंपनीतील अलेक्झांडर पोटापेन्को आणि त्यांचे सहकारी यांनी केएमसॅन नावाचे एक परीक्षण-यंत्र बनवले. ते डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ या आवृत्तीत आले. ते प्रत्येक पाटीमागे दुसरी एक पाटी ठेवते. पहिल्या पाटीवर जो मजकूर, त्यातील अक्षर न् अक्षर कोणी जाणूनबुजून लिहिले आहे की आधीपासून पडून आहे, याची खूण दुसऱ्या पाटीवर. मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवला तर खूणही त्याबरोबर जाते. शिवाय ती जागा मुळात कोणी मागून घेतली होती तेही लिहून ठेवले जाते. नुसते उतरवून घेतले म्हणून हे यंत्र ओरडत नाही. त्या न लिहिलेल्या अक्षरावरून कोणी निर्णय घेऊ लागला, किंवा ते बाहेर देऊ लागला, की मात्र ते हात धरते आणि जागा कोठली तेही सांगते. यासाठी स्मरण सुमारे तिप्पट लागते आणि यंत्र फार मंदावते. त्यामुळे रोजच्या वापरात ते ठेवीत नाहीत, परीक्षेपुरते चालवतात. सिझबॉट नावाची एक स्वयंचलित व्यवस्था २०१७ पासून रात्रंदिवस कर्नेलास वेडेवाकडे प्रश्न विचारीत असते. तिने पकडून दिलेल्या चुकांची यादी माझ्या पुतणीसारख्यांपुढे असते.

येथे मी तिला अडवले. "इतका खटाटोप कशाला? जागा देतानाच पुसून द्यावी." ती म्हणाली, "काका, तेही केले आहे." कर्नेलात जागा मागण्याचे दोन मार्ग आहेत, एक तशीच घेण्याचा आणि दुसरा शून्ये भरून घेण्याचा. पूर्वी लोक वेळ वाचवण्यासाठी पहिलाच मार्ग घेत. परंतु २०१९ साली ५.३ आवृत्तीत अशी सोय झाली की, यंत्र सुरू करतानाच आज्ञा दिली तर अशी प्रत्येक जागा पुसूनच दिली जावी. तात्पुरत्या जागांचेही तेच. सी भाषेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे जे क्लँग आणि जीसीसी हे दोन प्रमुख साधनसंच आहेत, ते आता लिहिणारा विसरला तरी आपण होऊन शून्य भरू शकतात. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या विंडोजच्या कर्नेलात हाच मार्ग धरला. वेळ थोडा अधिक जातो. पण गुपिते फुटण्याचा मोठा धोका याने टळला, यात शंका नाही.

मी म्हटले, "मग तुझे काम संपले." ती हसली, आणि तिने मला तिची स्वतःची फजिती सांगितली. तिची परवानगी घेऊन ती मी येथे सांगत आहे.

बाहेरून जोडावयाच्या एका उपकरणाला कर्नेल विचारतो, 'तुझी प्रकृती कशी आहे?' उपकरणाने चार बाइटांचे उत्तर द्यावयाचे असते. एखादे बिघडलेले किंवा लबाड उपकरण दोनच बाइट देते, किंवा काहीच देत नाही. कर्नेलातील लिहिणाऱ्याने किती बाइट आले हे मोजलेच नव्हते. चार आले असे गृहीत धरून तो वाचत होता, आणि उरलेले बाइट जुना कचरा. परीक्षण-यंत्राने तक्रार केली. पुतणीने तो भाग उघडला, ती जागा विचारण्यापूर्वी शून्याने भरून टाकली, पुन्हा परीक्षा घेतली. तक्रार गप्प! एका ओळीचे काम. तिने आनंदाने ती दुरुस्ती, आपल्या नावाच्या ग्वाहीसह, त्या भागाच्या देखरेखकर्त्याकडे पाठवली. अशी दुरुस्ती पाठवताना चूक मुळात कोणत्या बदलाने शिरली, कोणी ती पकडून दिली, हेही लिहावे लागते. ही शिस्त मला आवडली. दोन दिवसांनी उत्तर आले, एका ओळीचेच: हे शून्य उपकरणाने दिले की तुम्ही?

कारण त्या उपकरणाच्या भाषेत शून्य म्हणजे 'सर्व ठीक'. कर्नेलातही सामान्य रिवाज तोच आहे. काम यशस्वी झाले तर शून्य सांगावयाचे, फसले तर चुकीचा जो क्रमांक ठरला असेल तो ऋण चिन्ह लावून. म्हणजे उपकरण मुके झाले होते आणि माझ्या पुतणीने त्याच्या तोंडी 'मी खुशाल आहे' हे वाक्य घातले होते. कचरा वाचून कर्नेल निदान कधीतरी पडला असता आणि कोणी चौकशी केली असती. शून्य वाचून तो कधीच पडला नसता आणि कधीच कोणी चौकशी केली नसती. तिने तो भाग पुन्हा लिहिला. किती बाइट आले ते मोजले. चाराहून कमी आले तर 'उत्तर मिळाले नाही' असा चुकीचा क्रमांक परत केला. आणि वरच्या चार ठिकाणी तो क्रमांक कोणी ऐकतच नव्हते, तेथे ऐकण्याची व्यवस्था केली. एका ओळीचे काम वीस ओळींचे झाले आणि आठवडा गेला.

आपल्या चाळीसगावाजवळ पाटण येथे देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, आणि त्यास शके ११२८ मध्ये दान मिळाले, असे तो सांगतो. शून्याने कोणते गणित कसे करावे याचा विचार त्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त स्वतंत्रपणे केला आहे. ज्या भूमीत शून्याचे असे अध्ययन झाले तेथे गणित शिकवताना मी ३७ वर्षे मुलांना सांगत आलो की, दशकाच्या घरात काही नसेल तर तेथे शून्य मांडा, जागा तशीच सोडू नका. ते खरेच आहे. पण 'काही नाही' आणि 'ठाऊक नाही' या दोन गोष्टी मी त्यांना कधी वेगळ्या करून सांगितल्या नाहीत. कारण त्या मला स्वतःलाच, फार मोठी किंमत देऊन, उशिरा कळल्या. ते पुढे सांगतो.

तक्रार गप्प करण्याच्या घाईने किती नुकसान होते याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण पुतणीने सांगितले. ते कर्नेलातले नव्हे, गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएल या साधनातले आहे. किल्ली कोणास ओळखता येऊ नये म्हणून हे साधन अनेक ठिकाणांहून यदृच्छ अंक गोळा करून मिसळते. त्यात एके ठिकाणी ते न लिहिलेल्या जागेतला कचराही मिसळीत असे. व्हालग्राइंड नावाच्या परीक्षकाने त्यावर तक्रार केली. २००६ साली डेबियन या लिनक्सच्या वितरणात ती तक्रार मिटवण्यासाठी दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. त्यातील एक ओळ निरुपद्रवी होती. दुसरीतून सारेच यदृच्छ अंक आत येत होते. पुढे उरला तो केवळ चालू कामाचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीच्या जास्तीत जास्त ३२,७६८ जाती. तेवढ्या तर एखादा चोर दुपारभरात लावून पाहील. मे २००८ मध्ये ही गोष्ट उघडकीस आली, आणि तोपर्यंत त्या साधनाने घडवलेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या. मूस स्वच्छ करावयाची म्हणून सोन्यासह ती उकिरड्यावर ओतण्याचाच हा प्रकार.

आता माझी गोष्ट. सन १९८७. धुळे जिल्ह्यातल्या एका गावी मी चौथीचा वर्ग शिकवीत होतो. वार्षिक परीक्षेत एक मुलगा गणिताच्या दिवशी तापाने घरी होता. मुलगा हुशार; पाढे माझ्याहून जलद म्हणे. त्याची परीक्षा मागाहून घ्यावयाची असे मी ठरवले होते. इतक्यात तपासणीस साहेब येणार असा निरोप आला. निकालपत्रकात मोकळे घर दिसले की साहेब प्रश्न विचारीत. म्हणून मी त्या घरात निळ्या शाईने शून्य घातले; पुढे बदलू, असे मनात होते. साहेबांनी पत्रक पाहिले, एकही घर मोकळे नाही म्हणून समाधान व्यक्त केले. दुसऱ्याच आठवड्यात माझी बदली झाली. जे गुरुजी माझ्या जागी आले त्यांनी शून्य वाचले. त्यांनी दुसरे काय वाचावयाचे होते? मुलगा नापास झाला. त्याच्या वडिलांनी 'याचे डोके चालत नाही' असे म्हणून त्याला सायकलच्या दुकानात बसवले. मला हे वर्षभराने एका बाजारच्या दिवशी कळले. मी गेलो, वडिलांना भेटलो, माझी चूक कबूल केली. ते म्हणाले, "गुरुजी, आता तो चार पैसे आणतो आहे." ते पत्रक त्या शाळेच्या दप्तरात अजून असेल. घर मोकळे राहिले असते तर नव्या गुरुजींनी निदान विचारले असते की हे मोकळे का. 'गैरहजर' एवढा एक शब्द लिहावयास मला किती शाई लागली असती?

पुतणीने आपली फजिती सांगितली तेव्हा मी तिला ही गोष्ट सांगितली. घरात हे कोणास ठाऊक नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, दिवाळीत सगळे हसले त्याचे मला आता काही वाटत नाही."

मंडळाकडून यंदा ज्या मुलामुलींचा सत्कार होत आहे त्यांपैकी कित्येकजण संगणकाकडे वळणार, हे मला दिसते. ही दुरुस्तीची कामे शिकावयास कोणाची शिफारस लागत नाही. लिनक्सचा मजकूर खुला आहे, सिझबॉटची यादी खुली आहे, आणि लिनक्स फाउंडेशन ही संस्था नवख्यांना हाताशी धरून शिकवण्याचा उपक्रमही चालवते. लागते ती सी भाषेची बरी ओळख आणि 'हे शून्य कोठून आले' असे कोणी विचारले तर न रागावण्याची तयारी. माझी पुतणी आज सभागृहात मागच्या रांगेत बसली आहे. भोजनोत्तर ती तासभर थांबणार आहे. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी संकोच न करता विचारावे. दिवाळीत जे हसले त्यांनीही विचारावे.